दहा वर्षांच्या ओळखीचे दोघे

माणूस किती देशांत वाढला यावरून त्याची किंमत ठरवायची पद्धत कुणी पाडली देव जाणे, पण त्या हिशेबानं आपल्या चष्मेवालीचा नंबर फार वर लागला असता. जन्म एका देशात, दुधाचे दात पडले दुसऱ्यात, नवे आले तिसऱ्यात. शाळा सात. भाषा पाच, म्हणजे पाचही भाषांत भाजी घेता येते आणि पाचातल्या एकाही भाषेत धड भांडता येत नाही. एक ना धड भाराभर चिंध्या. लोक मात्र ऐकून डोळे मोठे करायचे, 'बापरे, किती जग पाहिलंत!' जग कसलं पाहिलं? भाड्याची घरं पाहिली, आणि शाळेच्या संडासांत कोणत्या देशात कोणत्या शिव्या लिहितात ते पाहिलं.

वडील सिमेंटच्या भट्ट्या उभारणारे इंजिनिअर. भट्टी उभी राहिली, पेटली, सहा महिने न कुरकुरता चालली की कंपनी त्यांना उचलून पुढच्या देशात ठेवायची, आणि त्यांच्या मागोमाग बायको, दोन मुलं आणि एकोणीस खोकी. दीड-दोन वर्षं, फार तर तीन. त्यामुळे घरात एकच शिस्त होती आणि ती आईची: जिथे जाऊ तिथल्यासारखं व्हायचं. मुलांनी ती इतकी मनावर घेतली की पुढे पुढे आईलाच ती ओळखू येईनात. नव्या शाळेत पहिला आठवडा गप्प बसून बघायचं, कोण कशाला हसतं. दुसऱ्या आठवड्यात त्यांच्याबरोबर हसायचं. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्यासारखं बोलायचं. आणि महिना भरला की हळूच सोडून द्यायचं, 'आम्ही मूळचे इकडचेच, मधे जरा बाहेर होतो.' कुणी खोलात शिरेपर्यंत खोकी बांधायची वेळ झालेली असायची. असलं खोटं उघडं पडायला माणूस निदान चार वर्षं एका जागी राहावा लागतो, आणि चार वर्षं ही मंडळी कुठे राहिलीच नाहीत.

धाकट्या भावानं या खोडीचा धंदा केला. तो आता व्याख्यानं देतो. 'ज्याला मुळं नाहीत तो मोकळा' असं तो मोठ्या दिवाणखान्यांतून सांगतो, आणि ज्यांना चार पिढ्यांचं घर, दोन बागा आणि गावभर सोयरे आहेत असे लोक त्यावर उठून टाळ्या वाजवतात. स्वतःच्या घरी त्यानं कुंडीतल्या एकुलत्या एक झाडाला पाणी घालायला पगारी माणूस ठेवला आहे, कारण तो घरी नसतोच. उचलली जीभ लावली टाळ्याला, पण जीभ पाच भाषांत उचलता येत असली की तिला विचार म्हणतात.

बहिणीचा मार्ग साधा होता. एकोणतिसाव्या वर्षी ती काचा घासायचं शिक्षण घ्यायला या शहरात आली, एका म्हाताऱ्या चष्मेवाल्याला हाताखाली माणूस हवा होता, तिथे लागली, आणि राहिली. राहिली म्हणजे काय, कुणी उचललं नाही म्हणून राहिली. अकरा वर्षं झाली. खोलीच्या खिडकीला पडदा नव्हता. वर्तमानपत्र चिकटवलेलं होतं, पिवळं पडलं की बदलायची. तात्पुरत्या रहिवासाचा परवाना दर वर्षी नवा करून आणायची आणि दर वर्षी मनाशी म्हणायची, बघू, अजून एक वर्ष.

कामात मात्र ती तात्पुरती नव्हती. गिऱ्हाईक समोर बसलं की त्याच्या दोन बुबुळांमधलं अंतर ती पट्टी लावण्याआधीच सांगायची आणि मागाहून पट्टी लावून खात्री करायची. फ्रेमच्या खाचेत काच कुठे टेकते, कुठे दबते, हे तिला बोटाच्या टोकाला कळायचं. काडी गरम करून कानामागे असा बाक द्यायची की लोक चष्मा घालून झोपी जायचे आणि सकाळी तिच्याकडे हसत यायचे. म्हाताऱ्या मालकांनी तिचं तोंडभरून कौतुक कधी केलं नाही. पण यंदा त्यांचे गुडघे गेले, मुलीकडे राहायला जायचं ठरलं, तेव्हा एका दुपारी हातातला बारीक स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवून ते म्हणाले, "दुकान तू घे. पुतण्याला दिलं तर तो इथे मोबाईलची कव्हरं विकेल. मला ते बघवणार नाही."

त्या क्षणी तिला जे झालं ते तिला आयुष्यात कधी झालं नव्हतं. तिला एक जागा हवीशी वाटली. नुसती बरी नाही, हवीशी. दुसऱ्या कुणाला मिळाली तर पोटात दुखेल अशी. त्या घासयंत्राची घरघर, ते अक्षरांचे तक्ते, ते डाव्या कोपऱ्यातलं न लागणारं ड्रॉवर. माझं, असं ती मनात म्हणाली आणि दचकली.

अडचण एवढीच होती की दुकानाची जागा बाजार कचेरीची, आणि बाजार कचेरी जागा देते ती फक्त कायमच्या रहिवाशाला. कायमच्या रहिवासाचा दाखला रहिवास कचेरी देते. आणि रहिवास कचेरीला, सगळे कागद नीट असले तरी, दोन साक्षीदार लागतात. नात्यातले नकोत, कामाच्या ठिकाणचे नकोत, याच वस्तीतले हवेत, आणि अर्जदाराला निदान दहा वर्षं ओळखणारे हवेत. त्यांना एकत्र बोलावून विचारणा होईल, असं अर्जाच्या शेवटी बारीक अक्षरात होतं. मालकांच्या जाण्याला तीन आठवडे उरले होते.

अकरा वर्षं एका रस्त्यावर राहून दहा वर्षांच्या ओळखीचे दोन जण सापडू नयेत, असं होतं का? तिचं झालं. वही घेऊन बसली तर वहीत दोनच नावं उतरली. एक समोरचा लाँड्रीवाला, आणि एक तिच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना सारी गल्ली हेडबाई म्हणायची. बाकी सगळे नमस्कारापुरते. आणि या दोन नावांकडे बघता बघता आपल्या बाईंच्या कपाळाला घाम आला.

कारण लाँड्रीवाला समुद्राकडचा. पहिल्याच वर्षी, तिचे दोन ब्लाउज आणि एक चादर घेता घेता तो म्हणाला होता की या शहराच्या हवेत मीठ नाही, जीव रमत नाही. झालं. आईची शिस्त जागी झाली. "आम्हीही समुद्राकडचेच," बाई म्हणाल्या. आता हे साफ खोटं नव्हतं. सात ते नऊ या वयात ती एका बंदरात राहिली होती. पण दीड वर्षाच्या बंदरावर तिनं अख्खं घराणं वसवलं. पुढे एकदा तो इस्त्री थांबवून म्हणाला, "माझे वडील होडी घेऊन गेले ते आलेच नाहीत. मी अकरा वर्षांचा होतो." यावर माणसानं काय करावं? गप्प बसावं. हात जोडावेत. बाई म्हणाल्या, "माझे आजोबाही."

का म्हणाल्या? त्यांना त्यातून काही मिळवायचं नव्हतं. समोरचा एकटा पडलेला दिसला की त्याच्या शेजारी जाऊन उभं राहायचं, एवढीच ती जुनी शाळकरी सवय. तेव्हापासून दर वर्षी वडील गेले त्या तारखेला लाँड्रीवाला दुपारी तासभर शटर खाली ओढायचा, रस्ता ओलांडून यायचा, म्हणायचा, "बाई, आज आपला दिवस." मग दोघं चष्म्याच्या दुकानाच्या पायरीवर बसायची, काही न बोलता. दहा वर्षं. दहा वेळा ती त्या पायरीवर न बुडालेल्या आजोबांसाठी मान खाली घालून बसली होती. आणि याला ती माया समजत होती, हे विशेष.

हेडबाईंचं प्रकरण त्या मानानं सौम्य. हेडबाई डोंगरातल्या, आणि डोंगरातल्या माणसांखेरीज शब्द पाळणारं कुणी जगात नाही अशी त्यांची पक्की खात्री. नऊ ते अकरा या वयात आपल्या बाईही एका डोंगरातल्या गावात होत्या. धुक्यात शाळेची घंटा कशी दबून ऐकू येते, हे त्यांनी एकदा सांगितलं आणि हेडबाईंचे डोळे भरून आले. त्यानंतर माघार कशी घेणार? हेडबाईंच्या लेखी ही डोंगरात जन्मली, डोंगरात वाढली, आणि नशिबानं खाली उतरली.

दोघांची आपसात ओळख नव्हती. हेडबाई कपडे घरीच धूत. ही सोय बाईंना अकरा वर्षं पुरली होती.

तिनं भावाला फोन लावला. तो कुठल्याशा विमानतळावर होता.

"तुला दाखला कशाला हवा?" तो म्हणाला. "ताई, आपण कागदात मावणारी माणसं नाही."

"मला दुकान हवंय रे."

"मग त्यांना खरी गोष्ट सांग. आपलं असणं अनेकपदरी आहे. समुद्रही तुझा, डोंगरही तुझा."

"आणि बुडालेले आजोबा?"

"कुठले आजोबा बुडाले?"

"तेच तर."

"हं," भाऊ म्हणाला. "हे मात्र जरा जास्त झालं. माझं विमान लागलं, ठेवतो." जगाला घर मानणाऱ्या माणसाचं असंच असतं, नेमकं घरचं काम निघालं की त्याचं विमान लागतं.

मग विचारणेच्या आदल्या दिवशी ती खरं सांगून टाकायचं ठरवून लाँड्रीत गेली. लाँड्रीवाला स्वतःच्याच शर्टाला इस्त्री करत होता आणि इतकी खळ घातली होती की शर्ट नुसता उभा केला असता तर उभा राहिला असता.

"उद्यासाठी," तो म्हणाला. "बाई, खरं सांगू? या शहरात येऊन मला सत्तावीस वर्षं झाली. साक्षीला कुणी बोलावलं नव्हतं. तुम्ही नाव दिलंत, बरं वाटलं."

"भाऊ, एक सांगायचं होतं."

"आधी माझं ऐका. मी काय बोलणार ते ठरवलंय. म्हणणार, साहेब, आम्ही एका पाण्याची माणसं. आजोबांचं पण सांगणार."

"ते नका सांगू."

"का? त्यात लाज कसली? उलट सांगायला पाहिजे. बुडालेल्याचं नाव कागदावर तरी राहील." आणि त्यानं कॉलर अशी हळुवार फिरवून दाबली की बाईंच्या तोंडचे शब्द तोंडातच राहिले. इतकी वर्षं लोकांना खूश करायचा सराव केलेल्या जिभेला ऐन वेळी दुसरं काही येईना. "शर्ट छान झालाय," एवढं बोलून ती परतली. शर्ट छान झालाय! अशा माणसाच्या पाठीत एक धपाटा घालायला त्याची आई तरी जवळ हवी.

रहिवास कचेरीच्या बाकावर ती दोघांच्या मधे बसली आणि अर्धा तास त्या दोघांना हवेबद्दल बोलत ठेवलं. हेडबाईंनी लाँड्रीवाल्याला विचारलं, "तुम्ही कुठले?" तेव्हा तिनं घाईघाईनं पाण्याची बाटली पुढे केली, कुणाला तहान नसताना. मग आतून नाव पुकारलं गेलं.

अधिकारी बाई पन्नाशीच्या, समोर फाईल. त्यांच्या चष्म्याची डावी काडी वाकलेली होती, त्यामुळे त्यांना सारखी मान तिरकी करून वाचावं लागत होतं. घटका भरत आली तरी आपल्या बाईंचं लक्ष त्या काडीकडे होतं. दोन मिनिटांचं काम, त्यांच्या मनात आलं.

"किती वर्षं ओळखता यांना?"

"अकरा," लाँड्रीवाला म्हणाला.

"पुढच्या महिन्यात अकरा पूर्ण होतील," हेडबाई म्हणाल्या. शिक्षकी पेशा.

"या मूळच्या कुठल्या?"

"समुद्राकडच्या," लाँड्रीवाला.

"डोंगरातली," हेडबाई.

दोघं एकाच वेळी बोलले आणि दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. लाँड्रीवाला नम्रपणे हसला. "या बाईंचा काही घोटाळा होतोय. यांचं घराणं दर्यावरचं. यांचे आजोबा समुद्रात गेले, माझ्या वडिलांसारखे. आम्ही दोघं दर वर्षी..." आणि तो थांबला, कारण अधिकारी बाई मान तिरकी करून फाईलमधलं एक पान उलटत होत्या.

आता एक सांगायला हवं. आपल्या बाई माणसांशी कितीही गोड खोटं बोलल्या तरी कागदावर कधी खोटं लिहीत नसत. कागदाला खूश करायचं नसतं. त्यामुळे कुटुंबाच्या रकान्यात जे होतं ते शंभर टक्के खरं होतं, आणि ते अधिकारी बाईंनी मोठ्यानं वाचलं. "वडिलांचे वडील, टपाल कचेरीत कारकून. वय ब्याऐंशी, वार्धक्यानं निधन. आईचे वडील, शाळामास्तर. वय नव्वद, वार्धक्यानं निधन. यातले समुद्रात कोण गेले?"

लाँड्रीवाल्याची मान त्या खळीच्या कॉलरीत वळत नव्हती, म्हणून तो अख्खा वळला आणि तिच्याकडे बघू लागला. तो रागावलेला नव्हता, अजून नव्हता. ती काहीतरी सांगेल, कागदाची चूक आहे म्हणेल, अशी वाट बघत होता. तिला त्याच्याकडे बघवेना. तिला लाज वाटली. या शब्दाचा अर्थ तिला पाच भाषांत माहीत होता आणि तो आज पहिल्यांदा अंगाला लागला.

"खरं काय ते सांगा," अधिकारी बाई म्हणाल्या.

"कारकून होते," ती म्हणाली. "मी त्यांना दोनदाच भेटले."

"मग तुम्ही समुद्राकडच्या की डोंगरातल्या?"

"दीड वर्ष समुद्राकडे होते. दोन वर्षं डोंगरात. बाकी पाच ठिकाणं अजून आहेत, ती यांना सांगितली नाहीत."

हेडबाईंनी हातातली पर्स मांडीवर आपटली. "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"ही डोंगरातली नाही ते. पहिल्याच वर्षी. डोंगरातली मुलगी तीन जिने चढून धापा टाकत नाही. आणि घंटेची गोष्ट हिनं मला चार वेळा सांगितली, चारही वेळा अगदी त्याच शब्दांत. चाळीस वर्षं पोरांची निमित्तं ऐकलीत मी. पाठ केलेलं मला कळतं."

"मग बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? बिचारी इतकं मन लावून खोटं बोलायची. आणि दर गुरुवारी माझ्या डोळ्यांत थेंब घालायला तीन जिने चढून येते, धापा टाकत का होईना. कुठली का असेना. आणा तो कागद." त्यांनी सही केली आणि तारीख टाकून खाली रेघ ओढली. मग आपल्या बाईंकडे वळून म्हणाल्या, "आजोबांचं मात्र मला ठाऊक नव्हतं. शोभलं नाही हो तुला ते."

अधिकारी बाईंनी लाँड्रीवाल्यापुढे कागद सरकवला. त्यानं तो हातात घेतला नाही.

"दहा वर्षं ओळखत असाल तर सही. ओळखत नसाल तर तसं सांगा. मी अर्ज बंद करते."

दुकान त्या कागदावर होतं. घासयंत्र, तक्ते, न लागणारं ड्रॉवर, सगळं. तिला ते माहीत होतं, त्याला माहीत होतं. हात जोडून काही म्हणावं असं तिला वाटलं, पण त्या माणसाला गोड वाटेल असं काहीही बोलायची तिला आता चोरी होती.

"ओळखतो ना," लाँड्रीवाला शेवटी म्हणाला. आवाज बारीक झाला होता. "लिहून घ्या. खोटं बोलते. तोंडावर एक नंबरची गोड. तिला स्वतःला काय वाटतं ते अकरा वर्षांत एकदा सांगितलं नाही. काहीही विचारा, हो. चादरीला डाग राहिला, तरी 'छान झालीय भाऊ'. मला दिसतो डाग, तिला दिसत नाही होय? आणि रस्त्यात कुणी भांडायला लागलं की ही बाई मागल्या दारानं जाते. खिशात स्क्रू विसरते. दोनदा माझ्या मशीनमध्ये अडकले, दोनदा मीच काढले, कधी बोललो नाही. सर्दी झाली की चार दिवस कुणाला सांगत नाही, दुकान उघडते आणि गिऱ्हाइकांच्या तोंडावर शिंकते. ओळखत नसतो तर बरं झालं असतं."

"म्हणजे दहा वर्षांहून जास्त?"

"अकरा. नशीब माझं."

त्यानं सही केली, एवढी दाबून की खालच्या कागदावर उमटली. अधिकारी बाईंनी शिक्का मारला. रकाना ओळखीच्या वर्षांचा होता. खोटारडेपणाला त्यात जागा नव्हती, आणि शिक्का मारणाऱ्या बाईंना घरी जायची घाई होती. इतक्या चौकशा, इतके नियम, आणि शेवटी काय, तर तिरक्या चष्म्यातून मारलेला एक शिक्का. आपल्या बाई आता या देशाच्या कायमच्या रहिवासी झाल्या.

पायऱ्यांवर तिनं त्याला गाठलं. "भाऊ."

"सही खोटी करत नाही मी," तो न थांबता म्हणाला. "ओळखतो म्हणून केली. त्याचा अर्थ आपलं बोलणं आहे असा नाही. दहा वर्षं मी तिथे पायरीवर बसून माझ्या वडिलांना शेजारी कुणीतरी आहे म्हणून सांगत होतो."

तो रस्त्याच्या एका बाजूनं गेला, हेडबाई दुसऱ्या बाजूनं, आणि ती दाखला हातात घेऊन मधे.

मालक एक तारखेला गेले. किल्ल्या देताना म्हणाले, "ड्रॉवर दुरुस्त करून घे." दुकान तिचं झालं. आणि मग जे कुणी तिला सांगितलं नव्हतं ते तिच्या ध्यानात आलं. लहानपणी कुणाशी काही बिनसलं, एखादीची पेन्सिल तोडली, एखादीचं गुपित फोडलं, की थोडी कळ काढायची. खोकी यायची, ट्रक यायचा, आणि ती पोरगी, तिचा राग, तिचं रडकं तोंड सगळं मागल्या देशात राहायचं. तिनं आजवर कुणाची माफी मागितली नव्हती. तशी वेळच आली नव्हती. आता सकाळी नऊला ती शटर उचलायची तेव्हा समोरही शटर उचललं जायचं, आणि समोरचा माणूस तिच्याकडे पाठ करून उचलायचा. उद्याही उचलणार होता. दहा वर्षांनीही. कायम या शब्दासाठी तिनं एवढी धडपड केली होती. तो शब्द आता समोर पाठ करून उभा होता.

दोन गल्ल्यांपलीकडे दुसरी लाँड्री होती. तिकडे जावं का, असा विचार तिनं केला. पत्र लिहावं का, असाही केला. दूर गेल्यावर लिहायच्या पत्रांत तिचा हात चांगला होता. पण रस्त्याची रुंदी होती बावीस पावलं, आणि बावीस पावलांवरच्या माणसाला पत्र लिहायला तिलाही लाज वाटली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. जात नसेल. निदान पाय तरी उचलता येतात.

शनिवारी ती कपड्यांचं बोचकं घेऊन रस्ता ओलांडून गेली. तो इस्त्री करत होता. वाफेआडून त्यानं तिला पाहिलं, खाली पाहिलं.

"भाऊ, मी खोटं बोलले," ती म्हणाली. "तुम्हाला एकटं वाटू नये म्हणून बोलले असं मी स्वतःला सांगत होते. ते पण खरं नाही. मलाच कुणाचं तरी व्हायचं होतं, आणि मला दुसरी रीत येत नव्हती. चुकलं माझं. मागच्या वेळच्या चादरीला डाग होता. मला दिसला होता."

त्यानं इस्त्री उभी केली. बोचकं ओढून घेतलं, सोडलं, एकेक कपडा झटकून मोजला. खिशांत बोट घालून स्क्रू नाही ना ते बघितलं. मग कपड्यांना बांधायचा चिंधीचा तुकडा आणि शाईचं पेन घेतलं, जसं तो अनोळखी माणसासाठी घेई, आणि वर न बघता म्हणाला, "नाव?"

तिनं नाव सांगितलं.

"पत्ता?"

"अहो, समोरच तर..."

"पत्ता लागतो. नव्या गिऱ्हाइकाचा लागतो."

तिनं पत्ता सांगितला. इमारतीचा आकडा, मजला, खोली, रस्त्याचं नाव, सगळं सावकाश, एकही शब्द न गाळता. त्यानं तो सगळा लिहिला.

"मंगळवारी. उशीर झाला तर मी ठेवून घेणार नाही."

"भाऊ..."

"बाजूला व्हा. मागे लोक उभे आहेत."

मागे कुणी उभं नव्हतं. तरी ती बाजूला झाली, आणि मंगळवारी पुन्हा गेली.